जुन्या गाडीचे वायपर बंद पडलेत? मोटर बदलायच्या आधी हे बघा

मारुती ८०० किंवा तशीच जुनी गाडी असेल आणि वायपर हलत नसतील तर लगेच नवीन मोटर घेऊ नका, बऱ्याचदा मोटर चांगली असते. चावी ऑन करा, वायपर चालू करा आणि बॉनेट उघडून नुसता आवाज ऐका.

आवाज येतोय पण वायपर हलत नाहीत, म्हणजे दोष लिंकेजमध्ये, म्हणजे मोटरपासून वायपरपर्यंत जाणाऱ्या रॉड-सांध्यांमध्ये. वायपरच्या आर्मच्या (दांड्याच्या) बुडाशी प्लास्टिकची टोपी असते, ती काढून नट ढिला झालाय का बघा, ढिला असेल तर आतले दाते घसरतात आणि आर्म जागेवरच राहतो. नट टाइट असेल तर मग बहुतेक आतल्या रॉडचा प्लास्टिक बुश (सांध्यात बसणारी छोटी कडी) झिजून निघालेला असतो, तो स्वस्तात मिळतो. हात घालायच्या आधी चावी बंदच करा हं, मोटर अचानक फिरली तर बोटं सापडतात.

आवाजच नाही? आधी फ्यूज, आणि बदलताना तेवढ्याच अँपिअरचा. फ्यूज ठीक असेल तर स्विच चालू ठेवून मोटरच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प (करंट आला की पेटणारा छोटा दिवा) लावा, करंट येत असेल तर अर्थिंगची वायर घासून साफ करा, तरीही ढिम्म असेल तरच मोटर खोलायची.

वायपर खूपच स्लो चालत असतील तर बहुतेक स्पिंडल (आर्म ज्यावर बसतो आणि फिरतो ते दांडे) गंजलेत, तेल सोडा. आणि बंद केल्यावर काचेच्या मध्येच थांबत असतील तर बहुतेक मोटरमधला पार्किंगचा कॉन्टॅक्ट (बंद केल्यावर वायपर खाली जागेवर नेऊन थांबवणारा) खराब झालाय, तो साफ करून घ्या.