सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाला घरातील उग्र वास आणि धूर यांपासून कसे जपावे

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाला फिनेलचा किंवा अगरबत्तीचा वास लागताच खोकल्याची उबळ येते, तेव्हा घरात त्याला सरसकट ‘ॲलर्जी’ म्हटले जाते. पुष्कळदा ती ॲलर्जी नसते. या आजारात सीएफटीआर नावाच्या जनुकातील दोष आई आणि वडील अशा दोघांकडून आलेला असतो. त्यामुळे पेशींतून क्षार आणि पाणी यांची ये-जा नीट होत नाही आणि श्वासनलिकांतील कफ घट्ट व चिकट होऊन साचतो. आधीच सुजलेल्या, कफाने अरुंद झालेल्या या नळ्यांना धूर किंवा रसायनाची वाफ झोंबते आणि त्या आकसतात. हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे, कारण अशा झोंबण्यावर ॲलर्जीची गोळी फारशी कामाची नसते. ज्यापासून वास येतो ती वस्तू मुलापासून दूर करावी लागते. काही मुलांना याच्या जोडीला दमा किंवा खरी ॲलर्जीही असते, पण ते तपासून ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

पहिले पाऊल म्हणजे एक साधी वही. दोन आठवडे रोज लिहावे: खोकला किती वाजता आला, मूल कुठे होते, त्याआधी तासाभरात घरात काय वापरले गेले, आणि बाहेर मोकळ्या हवेत नेल्यावर तो किती वेळात थांबला. आमच्या घरी एका हिवाळ्यात रात्रीचा खोकला वाढला आणि आम्ही सगळा दोष फोडणीला दिला. वहीत मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली: खोकला नेमका स्वेटर घातल्यावर यायचा. तो स्वेटर वर्षभर ट्रंकेत डांबरगोळ्यांमध्ये ठेवलेला होता. दोनदा धुऊन, चार दिवस कडक उन्हात टाकल्यावर त्याचा दर्प गेला आणि त्या रात्रींचा खोकलाही गेला. तेव्हापासून आमच्याकडे लोकरीचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात आणि डांबरगोळ्या घरात येत नाहीत.

मूळ सापडले की सुरुवात धुरापासून करावी. विडी-सिगारेट घरात नकोच. गॅलरीत ओढून लगेच मुलाला उचलून घेणेही नको, कारण धुराचा अंश कपड्यांना आणि केसांना चिकटून आत येतो. डासांची कॉईल अनेकांना निरुपद्रवी वाटते, परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉईलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले होते. मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी हाच उत्तम पर्याय आहे. देवघरातला धूप बंद करा, हे आजीला सांगणे सोपे नसते, आणि तो तिच्या श्रद्धेचा भाग आहे हे विसरूनही चालत नाही. तिला कारण समजावून सांगावे, धुपाऐवजी निरांजन आणि ताजी फुले सुचवावीत, आणि सणावाराला धूप करायचाच असेल तर तो मूल घरात नसताना, खिडक्या उघड्या ठेवून करावा. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी मुलाला आत ठेवून दारे-खिडक्या लावाव्यात. नागगोळी तर हातातही देऊ नये, तिचा धूर फार दाट असतो. मसाल्यासाठी मिरच्या भाजायच्या असतील तर मूल शाळेत असताना भाजाव्यात आणि खकाणा पूर्ण जाईपर्यंत एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा.

साफसफाईच्या बाबतीत पालकांची एक चूक मला सर्वांत धोक्याची वाटते: वासाच्या भीतीने स्वच्छताच कमी करणे. या मुलांच्या फुप्फुसांत स्यूडोमोनास नावाचा जिवाणू ठाण मांडून बसू शकतो. वासाचा त्रास काही वेळात ओसरतो, हा संसर्ग मात्र वर्षानुवर्षे राहू शकतो. म्हणून स्वच्छता तेवढीच ठेवावी आणि पद्धत बदलावी. फरशीला सुगंधी फिनेलऐवजी गरम पाणी आणि बिनवासाचा साबण पुरतो. फवाऱ्याचे क्लीनर हवेत उडवण्याऐवजी फडक्यावर घेऊन पुसावेत. न्हाणीघरात ब्लीच वापरायचेच असेल तर मूल बाहेर असताना वापरून भरपूर पाणी ओतावे. ब्लीच आणि टॉयलेटचे ॲसिड कधीही एकत्र करू नयेत, एकापाठोपाठ एकही ओतू नयेत, कारण त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. रूम फ्रेशनरचा तर काहीच उपयोग नाही. तो दुर्गंधीवर आणखी एक रसायन चढवतो. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन काळी बुरशी धरली तर आधी गळती बंद करावी, आणि ती भिंत खरवडताना मुलाला दुसऱ्या घरी पाठवावे. ॲस्परजिलस या बुरशीची खरीखुरी ॲलर्जी या मुलांना होऊ शकते आणि तिच्यावर वेगळे उपचार लागतात.

नेब्युलायझरची, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून श्वासावाटे देणाऱ्या यंत्राची, स्वच्छता हा याच प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग आहे, कारण तेथे उरलेले रसायन थेट फुप्फुसात जाते. प्रत्येक वापरानंतर त्याचे भाग सुटे करून बिनवासाच्या साबणाने धुवावेत आणि मग ५ मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावेत; मात्र कोणते भाग उकळता येतात हे माहितीपत्रकात पाहावे, आणि नळी व मशीन पाण्यात घालू नये. उकळण्याने कोणताही वास मागे राहत नाही, म्हणून मी हीच पद्धत पसंत करते. जे भाग उकळता येत नाहीत ते, माहितीपत्रकात परवानगी असल्यास, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटे किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ३० मिनिटे बुडवता येतात, पण नंतर ५ मिनिटे उकळून निवलेल्या पाण्याने ते नीट विसळावे लागतात. नळाचे पाणी त्यासाठी चालत नाही. व्हिनेगरवर विसंबू नये. भाग स्वच्छ कागदी रुमालावर हवेतच वाळू द्यावेत.

घराला रंग काढायचा असेल तर पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा रंग निवडावा आणि वास पूर्ण जाईपर्यंत मुलाला त्या खोलीत झोपवू नये. शाळेत वर्गशिक्षिकेला लेखी कळवावे: वर्गात रूम फ्रेशनर किंवा डिओडरंट फवारू नये, आणि फरशी पुसणे शाळा सुटल्यावर व्हावे.

प्रत्येक खोकला वासावर ढकलू नये. नेब्युलायझरमधून ७ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ घेतल्यावर येणारा खोकला बहुधा कफ सुटल्याचा असतो. मात्र त्यासोबत छातीत घरघर झाली तर वाफेआधी श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारावे. वास नसतानाही खोकला वाढला, कफाचा रंग वा प्रमाण बदलले, भूक मंदावली किंवा वजन घटले तर तो संसर्ग असू शकतो. तेव्हा दोन आठवडे वही भरत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. ओठ निळे पडले, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली, मूल सुस्तावले किंवा खोकल्यातून रक्त आले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि निघताना औषधांच्या यादीबरोबर ती वहीही सोबत घ्यावी.