खाऱ्या वाऱ्यातल्या कॅम्परचे प्लग घरीच बदलताय? या चुका टाळा

कुंभार्ली घाट चढताना गाडी तिसऱ्या गिअरला आचके देते आणि सपाटीला लागली की पुन्हा सुरळीत चालते, तर आधी स्पार्क प्लगकडे, म्हणजे इंधन पेटवणारी ठिणगी उडवणाऱ्या भागाकडे बघा. घाटात इंजिनावर भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. थकलेला प्लग सपाटीवर कसाबसा निभावतो, चढाला हात टेकतो. त्यात कॅम्पर म्हटलं की पलंग, पाण्याची टाकी, शेगडी, जादा बॅटरी असं अख्खं बिऱ्हाड पाठीवर असतं.

सुरुवातीलाच एक खुलासा. फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरवर बांधलेल्या मोठ्या गाड्या बहुतेक डिझेलच्या. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतातच. त्यात असतात ते ग्लो प्लग, त्यांचं काम निराळं आणि बदलायची पद्धतही निराळी. हे लेखन आहे पेट्रोल किंवा सीएनजीवाल्यांसाठी, म्हणजे मुख्यतः ओम्नी आणि ईको घरच्या घरी सजवून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्यांसाठी. ओम्नीला तीन प्लग, ईकोला चार. दोन्हींचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट उचलून गाडीच्या आतच काम करावं लागतं.

म्हणूनच पहिली चूक पान्याची नाही, गॅसची आहे. मागे शेगडीचा सिलिंडर जोडलेला असताना इग्निशनचं काम करू नका. रेग्युलेटर काढा, सिलिंडर गाडीबाहेर ठेवा, सगळी दारं उघडा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. प्लग वायरला लावून, बॉडीला टेकवून ठिणगी बघायची जुनी सवय कॅम्परमध्ये कायमची सोडा.

आता सगळ्यात महाग चूक. ती मी केली आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. आमची ईको गुहागरला अंगणात उभी असते, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. प्लगचा बाहेरचा भाग पोलादाचा, इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल, म्हणजे गंज धरायला आणखी काही लागत नाही. भाद्रपदातल्या एका दुपारी मी तिसरा प्लग सोडवायला घेतला. पाव फेरा फिरला आणि अडला. मी जोर लावला. करकर असा बारीक आवाज आला, पाना एकदम हलका झाला, आणि प्लग वर आला तेव्हा त्याच्या आट्यांत चांदीसारखी चकचकीत तार गुंतलेली होती. ते हेडचे आटे होते. पुढे वर्कशॉपमध्ये भोक मोठं करून नवीन आट्यांची बुश बसवावी लागली.

प्लग अडला की थांबा. थोडा परत आवळा, गंज सोडवायचं तेल दोन-तीन थेंब सोडा, अर्धा तास जाऊ द्या. मग पाव फेरा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल, असं मागेपुढे करत काढा. इंजिन तापलेलं असताना तर हातच लावू नका. तापलेल्या ॲल्युमिनियमचे आटे चटकन जातात. आदल्या संध्याकाळी गाडी उभी करून सकाळच्या थंड वेळी काम घेतलेलं उत्तम.

प्लग सोडवण्याआधी त्याच्या खाचेत टॉर्च मारून बघा. तारकर्ली किंवा आंजर्ल्याहून आलेल्या गाडीत तिथे बारीक वाळू हमखास सापडते, पावसाळ्यात पाणीही. प्लग निघाला की तो कचरा सरळ सिलिंडरमध्ये उतरतो. सायकलच्या पंपाने आधी हवा मारा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

सगळ्या वायरी एकदम काढू नका. एक वायर, एक प्लग, मग पुढची. अदलाबदल झाली की इंजिन थरथरतं, फटफटतं आणि माणूस भलताच दोष शोधत बसतो. वायर ओढायची नाही, तिची रबरी टोपी धरून थोडी पिळायची. काढलेले प्लग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा गाडी फक्त बाजारापुरतीच चालते. ओलं, तेलकट टोक म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. त्याला नवा प्लग हा इलाज नव्हे. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन जास्त तापतंय. पांढऱ्या चिनीमातीवर बाहेरून, लोखंडाच्या कडेला, तपकिरी वलय दिसलं तर घाबरू नका. ते वापराने येतं.

दुकानात “सगळे सारखेच” म्हणून हातात मिळेल तो प्लग आणू नका. गाडीच्या पुस्तिकेतला नंबर लिहून न्या. एनजीके कंपनीच्या नंबरात उष्णतेचा आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा; बॉश कंपनीच्या नंबरात आकडा वाढला की गरम. नुसता आकडा जुळवणारे इथेच फसतात. गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती टोकाची फटही पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा, विशेषतः सीएनजीवर, कारण गॅसला ठिणगी जास्त जोरकस लागते. इरिडियमचं टोक मात्र नाजूक असतं, ते वाकवत बसू नका.

नवा प्लग पान्याने सुरू करणं ही तर आटे घालवायची खात्रीची वाट. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवा आणि नळी बोटांनी फिरवा. आटे तिरके लागले तर नळी नुसती घसरते, जबरदस्ती होतच नाही. टेकल्यावर टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना: १४ मिलिमीटर आट्याच्या, वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर. बारीक आट्याच्या प्लगला याहून कमी, तेव्हा आधी आटा कोणता ते बघा. टॉर्क पाना नसेल, तर वॉशर टेकल्यापासून अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, बस्स. गंज नको म्हणून आट्यांना ग्रीस फासू नका. वंगणामुळे प्लग नकळत जास्त आवळला जातो. ग्रीस हवंच तर डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहू देणारं, तेही रबरी टोपीच्या आतून, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. खाऱ्या हवेत त्याने खरंच फरक पडतो.

एवढं करून गाडी मिसिंग मारते, म्हणजे मधेच ठिणगी चुकून आचके देते? आधी टोपी टक् आवाज येईपर्यंत बसली आहे का ते दाबून बघा. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल थेट प्लगवर असेल तर तिचा कनेक्टर पाहा. इंजिनातून फुसफुस येत असेल तर प्लग सैल आहे. तरीही दोष सापडला नाही, तर दमट रात्री सगळे दिवे घालवून, गॅसचा सिलिंडर बाहेरच ठेवून, इंजिन चालू करा आणि हात लांब ठेवून नुसतं बघा. चिरलेल्या वायरीवरून निळी ठिणगी बॉडीकडे उडी मारताना स्पष्ट दिसते. अशी वायर बदलावीच लागते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना तशीच गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची वाट लावतं.

जुन्या प्लगांतला सगळ्यात बरा एक पुसून, घट्ट झाकणाच्या डब्यात, पान्यासोबत आणि त्या नळीच्या तुकड्यासोबत गाडीतच ठेवा. वेळणेश्वरच्या उतारावर रविवारी संध्याकाळी तोच कामाला येतो.