कॉट्सवोल्डमध्ये जुनं घर घेताय? खिडकीला हात लावण्याआधी हे वाचा

रेडिंग नाहीतर स्विंडनच्या फ्लॅटला कंटाळून हल्ली आपली बरीच मंडळी इकडे इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागात, ग्लॉस्टरशरच्या खेड्यांत घरं बघत फिरतात. बायबरीला जायचं, आर्लिंग्टन रो या जुन्या दगडी घरांच्या ओळीसमोर फोटो काढायचे आणि गाडीत बसेपर्यंत फोनवर घरं शोधायची साइट राइटमूव्ह उघडलेली. अहो ती ओळ मुळात १३८० सालचं लोकरीचं कोठार, विणकरांची घरं झाली ती सतराव्या शतकात, त्यामुळे अशा घरांत छत डोक्याला लागतं आणि दुपारीही दिवा लावावा लागतो हे आधी आत जाऊन बघा. तरी घ्यायचंच असेल तर जरूर घ्या, मी कोण अडवणारी. फक्त येणारा प्रत्येक जण त्याच दगडावर आपटतो म्हणून एकदाच लिहून टाकतेय.

इंग्लंडमध्ये लिस्टेड बिल्डिंगच्या, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेल्या इमारतींच्या, चार लाखांच्या आसपास नोंदी आहेत आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त ग्रेड टू, म्हणजे तुम्हाला आवडलेलं ते मधाच्या रंगाचं दगडी घर त्यातलंच निघण्याची शक्यता भरपूर. आपल्या लोकांनी ठरवूनच टाकलेलं असतं की ग्रेड टू म्हणजे हलका ग्रेड, बाहेरून तेवढं हात लावायचा नाही, आत काय वाट्टेल ते करा. साफ चूक! आतला जिना, तुळया, जुनी दारं, सगळं त्यात आलं, आणि आवारातली १ जुलै १९४८ च्या आधीची भिंत किंवा गोठासुद्धा बहुतेक वेळा येतो. कौन्सिलच्या परवानगीशिवाय घराचं रूप बदलणारं काम केलं तर तो चक्क फौजदारी गुन्हा आहे. बरं, परवानगीच्या अर्जाला फीसुद्धा नाही, मग टाळायचं कशाला?

आता जे मी भेटेल त्याला सांगते ते. आधीच्या मालकाने केलेलं निस्तरायची वेळ तुमच्यावर येते. ओळखीतल्या एका नाशिकच्या कुटुंबाने घर घेतलं, छान पांढऱ्या प्लास्टिकच्या डबल ग्लेझिंग खिडक्या, थंडी वाजणार नाही म्हणून सगळे खूश. पुढे कौन्सिलचं पत्र, या खिडक्यांना परवानगी कधी घेतलीच नव्हती, काढा आणि पूर्वीसारख्या लाकडी बसवा. आम्ही नाही हो बसवल्या, असं सांगून बघितलं, पण नोटीस आज मालक कोण ते बघते, काम कुणी केलं ते नाही, आणि त्याला वर्षांची मुदत वगैरे काही नाही. गुन्हा त्याचा, बिल यांचं. सुताराकडून एकेक खिडकी मापाने करून घ्यायला काय पडतं ते विचारूच नका, किचनचे सगळे पैसे त्यात गेले.

म्हणून ऑफर द्यायच्या आधी हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर त्या घराची नोंद वाचा, फुकट आहे. बऱ्याच नोंदींत खिडक्या कशा आहेत ते लिहिलेलं असतं, समोर दिसतंय त्याच्याशी ताडून बघा. कौन्सिलच्या साइटवर त्या पत्त्याचे जुने अर्ज शोधा. आणि सॉलिसिटरला लेखी विचारा. लेखी! एजंट म्हणेल सगळं ओके आहे, त्याचं काय जातंय.

ओल दिसली की आपल्या माणसाचा हात आधी सिमेंटकडे जातो, तो आवरा. या भिंती चुन्यात बांधलेल्या, चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट लावलं की आतच कोंडते आणि मग दगडाचे पापुद्रे निघतात. वाड्यात वाढलेल्यांना हे सांगायला नको. घराची तपासणी, म्हणजे सर्व्हे, लेव्हल थ्रीचाच, म्हणजे सगळ्यात बारकाईचा करा, जुनी घरं कळणाऱ्या माणसाकडून.

बाकी थोडक्यात. गॅसची लाइन बऱ्याच गावांत नाही, तेलाची टाकी थंडीच्या आधी भरा. सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात जात असेल तर २०२० पासून ते चालत नाही. माळ्यावर वटवाघळं असतील तर हाकलायची नाहीत, तोही गुन्हा.

गावाबद्दल बोलायचं तर लोक तुसडे नाहीत, आपणच शुक्रवारी संध्याकाळी आपल्या लोकांत, लेस्टर नाहीतर हाउन्सलोला पळतो आणि वर म्हणतो इथे कुणी बोलत नाही. पॅरिश कौन्सिल म्हणजे चर्चचं काही नाही, आपल्या ग्रामपंचायतीसारखं आहे, मीटिंगला जाऊन बसा, कुणीही बसू शकतं. चर्चच्या घंटांची प्रॅक्टिस आठवड्यातून एकदा संध्याकाळी असते, तक्रार करू नका, गावात नाव निघेल. (डेल्सफर्डच्या चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्ज पुरलाय, नाना फडणवीसांनी ज्याच्या कंपनीला जेरीस आणलं तोच. आपल्यातलं कुणी तिकडे फिरकत नाही, सगळे पलीकडच्या महागड्या फार्म शॉपमध्ये.)

शेतातून, कधी अगदी आपल्या बागेच्या कडेने पब्लिक फुटपाथ जातो, त्यावरून येणाऱ्यांना हटकायचं नाही, तो त्यांचा कायदेशीर हक्क आहे. एकाने तिथे कुंड्या मांडून ठेवल्या, चौथ्या दिवशी कौन्सिलचा माणूस दारात. तुम्ही चालत असाल तर फाटक जसं सापडलं तसं ठेवा, मेंढ्या असतात. अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की मुकाट रिव्हर्स घ्या आणि हात वर करा, तो शेजारीच असतो.

कढीपत्ता, पोहे, हिंग स्विंडनला मिळतं, तिथे गोवेकर भरपूर आहेत, मासेही बरे मिळतात. पण बसच्या भरवशावर निघू नका, आमच्याकडे रविवारी एकही नाही.