घाट उतरताना ब्रेक कसे जपावेत

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या बाजूला आल्यावर गाडी थांबवली की कधी कधी पुढच्या चाकांपाशी जळकट वास येतो. तो तापलेल्या ब्रेक पॅडचा असतो, आणि उतारभर ब्रेकवर पाय राहिला होता हे त्यावरून ओळखावे.

पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलवर पडणारा दाब नळ्यांतून चाकांपर्यंत पोहोचतो आणि पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. या घर्षणात गाडीची गती उष्णता होऊन बाहेर पडते. घाटात पाय सतत पेडलवर राहिला तर डिस्कला गार व्हायला उसंतच मिळत नाही. पॅडची पकड कमी होते, पण त्याहून घातक गोष्ट ऑइलमध्ये घडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, कोकणासारख्या दमट हवेत तर अधिकच. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरू शकते. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दबत असल्याने पेडल तळाला टेकते तरी चाकांवर जोर येत नाही.

म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. तीव्र उताराला बहुधा दुसरा लागतो. मग वेग इंजिनच आवरून धरते. वळणाआधी ब्रेक ठामपणे लावावा आणि वेग उतरताच पाय पूर्ण उचलावा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचते हा समज आता तरी सोडून द्यायला हवा, कारण आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होते. इंजिन बंद करून तर कधीही उतरू नये: बहुतेक गाड्यांत ब्रेकला जोर देणारा सर्व्हो इंजिन चालू असण्यावर अवलंबून असतो, आणि एकदोनदा पेडल दाबल्यावर ते दगडासारखे घट्ट होते.

निघण्यापूर्वी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहावी. ताजे ऑइल फिकट पिवळे असते. कोऱ्या चहासारखे काळपट दिसले, किंवा दोन वर्षे उलटून गेली असली, तर ते बदलून घ्यावे. पातळी खाली गेली असेल तर नुसते ऑइल ओतू नये, आधी पॅड झिजलेत का आणि कुठे गळती आहे का हे फिटरकडून तपासून घ्यावे.

उतारावर पेडल मऊ लागलेच तर ते भराभर पंप करावे, एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. वास आल्यास सपाट, सुरक्षित जागी अर्धा तास थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नये, ती वाकते किंवा तडकते.