बी-१ जर्मन: भाषा आणि समाज एकत्र कसे अभ्यासावेत

ए-२ ही जर्मनची प्राथमिक पातळी संपवून विद्यापीठात बी-१च्या, म्हणजे पुढच्या मध्यम पातळीच्या, वर्गात बसलेला मराठी विद्यार्थी बहुधा क्रियापदापाशी अडखळतो. गंमत म्हणजे अवघड मानलं जाणारं गौण वाक्य (मुख्य वाक्याला जोडलेलं उपवाक्य) आपल्याला सोपं जातं, कारण तिथे मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं. घोटाळा होतो मुख्य वाक्यात. सुरुवातीला ‘हॉयटे’ (आज) घेतलंत की पुढे ‘गेहे इश’च (शब्दशः ‘जातो मी’) हवं, ‘हॉयटे इश गेहे’ चूक. क्रियापदाची दुसरी जागा पक्की. म्हणून रोज दहा वाक्यं कर्त्याऐवजी काळाने किंवा स्थळाने सुरू करून लिहा. नामं मात्र लिंगासकटच पाठ करा, नाहीतर विशेषणांचे प्रत्यय कायम चुकतील.

समाजाच्या पेपरसाठी माहितीचा ढीग नको, एकेक विषय नीट धरा. उदाहरणार्थ बुंडेस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, निवडणूक: मतदाराला दोन मतं, पहिलं मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला, पक्षांचं बलाबल ठरतं दुसऱ्यावर. पाच टक्क्यांखालचा पक्ष सहसा बाहेर. मग डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संथ वाचलेल्या बातम्यांतली त्याच विषयाची बातमी शोधा. आधी मजकूर न बघता दोनदा ऐका, नंतर मजकुरासह, शेवटी पाच वाक्यांत सारांश. मजकूर आधी वाचलात तर कान तयार होत नाही.

ग्योथे या जर्मन भाषा शिकवणाऱ्या संस्थेची बी-१ परीक्षा देणार असाल तर लेखनाला ६० मिनिटांत तीन मजकूर असतात: साधारण ८०, ८० आणि ४० शब्दांचे. शेवटचा छोटा म्हणून दुर्लक्षित राहतो, पण तो औपचारिक असतो. तिथे ‘झी’ (आदरार्थी ‘तुम्ही’)ऐवजी ‘डू’ (‘तू’) लिहिलंत की गुण गेलेच.