पोटाच्या ऑपरेशननंतर पायात गुठळी: घरी आल्यावर या चुका टाळा

आत्याच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण जखमेचीच चौकशी करायचा. टाके किती पडले, पाणी येतंय का, मऊ भात चालेल का. पायांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड दिसली, आणि आम्ही काय काय चुकवलं ते एकेक करून उमगत गेलं.

ऑपरेशन पोटाचं, मग गुठळी पायात का? रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरने १८५६ मध्ये या विषयावर मूलभूत लिखाण केलं. शिरेत रक्त गोठण्याची तीन कारणं आजही त्याच्याच नावाने शिकवतात: रक्त साचणं, शिरेच्या अस्तराला इजा आणि रक्ताचीच गोठण्याकडे ओढ. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये ही तिन्ही एकदम येतात. भुलीने शिरा सैलावतात आणि पोटरीचे स्नायू निपचित पडतात. चालताना हेच स्नायू पिळून पिळून रक्त वर ढकलत असतात. सैल शीर ताणली की आतलं नाजूक अस्तर दुखावतं. एरवी हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही रसायनं तयार करून शीर मोकळी आणि रक्त वाहतं ठेवतं, ते काम मंदावतं. त्यात शरीराला वाटतं, मोठा घाव बसलाय, रक्तस्राव थांबवायला हवा. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन वाढतं आणि झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणा काही दिवस सुस्त पडते. जखमेसाठी हे ठीकच, पण तेच रक्त पोटरीतूनही फिरत असतं.

“टाके उसवतील, पडून राहा”

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि ती मायेपोटी होते. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर साधारणपणे पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला उठवतात. टाके चालण्याने उसवत नाहीत. जोराचा खोकला आला तर पोटाला उशी धरावी, एवढी काळजी पुरे.

अडचण पुढे येते. पहिल्यांदा उभं केलं की चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरचे म्हणतात, “बघा, सांगितलं होतं!” की पुन्हा दोन दिवस पलंग. खरं तर उभं राहताच पायांतल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळून रक्तदाब सावरतात. ऑपरेशनमुळे आणि वेदनेच्या जोरकस औषधांमुळे ही आवळण्याची क्रिया काही काळ ढिली पडते. म्हणून टप्प्याने उठवा. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसवा, पावलं वरखाली करायला लावा, मग आधार देऊन उभं करा. चक्कर आली तर झोपवा आणि तासाभराने पुन्हा प्रयत्न करा. चक्कर थांबतच नसेल, नाडी जलद असेल, पोट फुगत असेल तर आत रक्तस्राव नाही ना हे डॉक्टरांनीच बघायला हवं.

खुर्चीत बसवणं म्हणजे चालवणं नव्हे. आम्ही आत्याला दुपारभर टीव्हीसमोर बसवून खूश होतो. गुडघ्याखाली लोड देऊन झोपवणंही टाळा, त्याने गुडघ्यामागची शीर दबते.

सिझेरियनही पोटाचंच ऑपरेशन. गरोदरपणामुळे रक्त आधीच गोठण्याकडे झुकलेलं असतं आणि बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे तसंच राहतं. आपला सव्वा महिना नेमका याच काळात येतो. बाळंतिणीला विश्रांती जरूर द्या, पण खाटेला खिळवू नका.

“दुर्बिणीतून केलंय, किरकोळ आहे”

छेद लहान असतो खरा, पण पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. तेवढा वेळ पायांकडून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर भार येतो. धोका उघड्या ऑपरेशनपेक्षा बहुधा कमी, शून्य नाही.

घरी आलो, इंजेक्शन बंद

१९७५ मध्ये लंडनमधले भारतीय वंशाचे सर्जन विजय कक्कर यांच्या पुढाकाराने ४,१२१ रुग्णांवर चाचणी झाली. हेपॅरिन (गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं इंजेक्शन) न दिलेल्या गटात फुप्फुसात गुठळी जाऊन १६ जण दगावले, हेपॅरिन दिलेल्या गटात २. तेव्हा औषध आठवडाभर देत. २००२ मध्ये पोटाच्या आणि ओटीपोटाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत तेही अपुरं ठरलं. आठवड्याभराने एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) थांबवलेल्यांपैकी १२ टक्क्यांच्या शिरांत तपासणीत गुठळ्या सापडल्या. चार आठवडे चालू ठेवलेल्यांत ४.८ टक्के. ब्रिटनमधल्या मध्यमवयीन स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत हा धोका ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक दिसला आणि बारा आठवड्यांपर्यंत तो वाढलेलाच होता. म्हणजे टाके निघतात, लोक पेढे घेऊन येतात, त्याच सुमारास.

प्रत्येकाला चार आठवडे लागत नाहीत. पण डिस्चार्जच्या दिवशी स्पष्ट विचारा: इंजेक्शन किती दिवस? मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते, तोही सांगा. “रक्त पातळ होऊन जखम वाहील” या भीतीने परस्पर डोस गाळू नका. (रक्त पातळ वगैरे होत नाही, त्याची गोठण्याची घाई कमी होते.) इंजेक्शन बेंबीपासून निदान दोन इंच लांब आणि जखमेपासून दूर, चिमटीत धरलेल्या कातडीत सरळ द्यायचं. तयार भरलेल्या सिरिंजमधला बुडबुडा काढायचा नाही, नंतर जागा चोळायची नाही. आम्ही चोळत होतो, म्हणून पोटावर काळेनिळे डाग.

ऑपरेशनआधी लपवलेल्या गोष्टीही भोवतात. गर्भनिरोधक गोळ्या, गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या गोळ्या, पूर्वी स्वतःला किंवा आई-वडिलांना झालेली गुठळी, हे सगळं भूलतज्ज्ञाला सांगा, सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी.

सुजलेली पोटरी तेलाने चोळणं

पाय भरून आला की आपला हात आपसूक तेलाच्या वाटीकडे जातो. एकाच पायाला सूज, ऊब, पोटरीत ठणका असेल तर अजिबात चोळू नका, गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. त्याच दिवशी डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करून घ्या. रक्ततपासणीत डी-डायमर (गुठळी विरघळताना तयार होणारा अंश) वाढलेलं आलं म्हणून लगेच घाबरू नका. ऑपरेशननंतर ते तसंही वाढतं, त्यावरून निदान ठरत नाही. मात्र अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा रुग्ण कोसळला, तर डॉप्लरची वेळ बघत बसू नका, १०८ लावा.

प्लीहा (स्प्लीन) काढलेल्या रुग्णाची गोष्ट थोडी वेगळी. प्लेटलेट्स वाढतात आणि गुठळी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत होऊ शकते. तिथे पाय सुजत नाही. पोट दुखतं, ताप येतो, आणि घरात ‘गॅस झाला’ म्हणून ओवा दिला जातो.

आत्याची गुठळी गुडघ्यामागच्या शिरेत निघाली. तीन महिने गोळ्या चालल्या. भेटायला येणाऱ्यांना ती आता बसू देत नाही, “चला, गच्चीपर्यंत जाऊन येऊ” म्हणते.