रीळ सरकेना

नाथषष्ठीला पैठणला गेलो तेव्हा गळ्यात बाजारातून घेतलेला जुना फिल्म कॅमेरा होता. रीळ ३६ फोटोंचं. काढलेल्या फोटोंचा आकडा ३६ वर गेला, मग ३८, तरी फिल्म पुढं सरकवायची लिव्हर लोण्यासारखी फिरतेय! तिथंच शंका यायला हवी होती. रात्री घरी दिवा मालवून, गोधडीखाली हात घालून मागचं झाकण उघडलं. फिल्मचं टोक ती गुंडाळून घेणाऱ्या स्पूलच्या खाचेतून निसटून लोळत पडलेलं. म्हणजे एकही फोटो नाही. आकडा लिव्हरचे फेरे मोजतो, फिल्म नव्हे, हे तेव्हा कळलं. "मग दिवसभर एक डोळा मिटून कामून हिंडलास?" माय म्हणाली.

दुसऱ्या रिळाला टोक खोलवर खोचलं, दोन्ही कडांची भोकं फिल्म ओढणाऱ्या चाकाच्या दातांवर बसवली. तरी धुऊन आलेल्या निगेटिव्हवर चित्रं एकमेकांवर चढलेली. एका फोटोला आठ भोकं सरकायला हवीत, ती सरकत नव्हती. दोष बुडाशी निघाला. रिवाइंडचं, म्हणजे फिल्म परत गुंडाळताना दाबायचं बटण आतच अडकलेलं, त्यामुळं दातेरी चाक मोकळं फिरत होतं. कारण काय, तर वाळलेलं ग्रीस अन् आपली धूळ. कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कडेकडेनं पुसलं (आत ओतायचं नाही), मग रिकाम्या कॅमेऱ्यात लिव्हर ओढत बटण वीसेक वेळा दाबलं-सोडलं. टक्कन वर आलं.

आता झाकण लावलं की आधी रिवाइंडची मूठ हलकेच फिरवून फिल्मची ढील काढतो. लिव्हर ओढताना ती मूठ उलटी फिरली, तरच पुढचा फोटो.